उजव्या हाताने दिलेला कागद

धाकटी सोमवारी आली. जाताना विमानाच्या खिडकीशी बसून गेली होती. येताना विमानाच्या पोटातून आली, सामानाबरोबर, आणि तिच्या पेटीवर बाण काढला होता की ही बाजू वर.

परमुलखातल्या एका धुलाईखान्यात ती कामाला होती. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाफेच्या रुळाखालून काढायच्या, घड्या करून रचायच्या. एका पाळीत बॉयलरचा धूर आत कोंडला, आणि दाराला बाहेरून कडी होती. पेटीसोबतच्या कागदावर मरणाचं कारण एका शब्दात लिहिलं होतं, आणि साऱ्या गल्लीत तो शब्द वाचू शकणारी एकच होती. थोरली.

थोरली तिची सख्खी बहीण नव्हे, मावसबहीण. थोरलीची आई गेली तेव्हा खालाने, म्हणजे मावशीने, तिला कडेवर उचलून आणलं, आपल्या तान्ह्या लेकीशेजारी निजवलं, आणि त्या दिवसापासून घरात दोनच नावं राहिली, थोरली आणि धाकटी. एकीच्या वेणीला दुसरीची रिबीन. एकीला ताप, तर दुसरीचं कपाळ गरम. पुढे थोरली एका परक्या देशाच्या दूतावासात दुभाषी म्हणून लागली आणि धाकटी त्याच देशात कामाला गेली. तिच्या अर्जावरची सही पटकन मिळाली ती थोरलीमुळे. तेव्हा खालाने थोरलीची दृष्ट काढली होती.

गल्लीने मात्र थोरलीला नाव ठेवलं होतं, परकी जीभ. ती कोपऱ्यावरून वळली की न्हाव्याच्या दुकानातून आवाज यायचा, "सांभाळून बोला रे, जीभ आली!" ती हसून पुढे जायची. हसायची आणि मनात कुसळ घेऊन जायची.

धाकटीची बातमी आली त्या दिवशी गल्लीतले पुरुष दूतावासाच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. घोषणा झाल्या. कुणीतरी पितळी पाटीवर शाईची बाटली फोडली. दूतावासाने पाटी पुसून घेतली आणि एक फाइल उघडली. फाइलवर लिहिलं, 'मशिदीच्या मोहल्ल्याशी सलोखा.'

ती फाइल जनसंपर्क सचिवांकडे होती. सचिव मृदू माणूस. दार उघडताना आधी टकटक करायचे, स्वतःच्याच खोलीचं असलं तरी. सोमवारी दुपारी त्यांनी थोरलीला बोलावलं, खुर्ची पुढे केली आणि टेबलावर एक कागद ठेवला. ना-हरकत. आमच्या देशाची काही हरकत नाही, मयत नातेवाइकांच्या ताब्यात द्यावी, खाली गोल शिक्का. हा कागद दाखवला की इस्पितळाचं शवागार पेटी सोडणार. न दाखवला तर नाही.

थोरलीने हात पुढे केला. "आत्ताच नेऊन देते, साहेब. घरी वाट बघताहेत."

"नेऊन काय देता?" सचिव हसले. "हा कागद तुमच्या हातून गेला तर तो टपाल झाला. राजदूतांच्या हातून गेला तर तो सलोखा झाला. शुक्रवारी दुपारी ते स्वतः मशिदीच्या अंगणात येतील. सगळ्यांसमोर तुमच्या मावशींच्या हातात देतील. कधी आला होता का तुमच्या गल्लीत राजदूत?"

"नाही."

"मग? तोवर तुमच्यापाशीच राहू द्या. तुमच्याइतकं कोण जपेल?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे अंगण उभं राहिलं. न्हावी उभा, दूधवाला उभा, पाटीवर शाई फेकणारा उभा, आणि काळ्या गाडीतून राजदूत उतरताहेत, खालापुढे मान झुकवताहेत, आणि दोघांच्या मधे कोण? परकी जीभ. चार दिवसांचा तर प्रश्न. शवागारात थंडावा असतो. तिने पोच म्हणून खाली सही केली, कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं, आणि संध्याकाळी घरी येऊन पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवली. खाला तिथंच खाली सतरंजी टाकून बसली होती. तिने विचारलं, "आला का गं कागद?"

"येतोय, खाला. शुक्रवारी. राजदूत स्वतः घेऊन येणार आहेत."

"राजदूत कशाला? चपराशी आला तरी चालेल मला."

"असं नसतं. मान असतो त्यात."

खाला उठून चुलीकडे गेली. मान हा शब्द घरात आला की ती नेहमीच विषय सोडून द्यायची.

मंगळवारी थोरलीने टिपण लिहायला घेतलं. राजदूत कुणाकडे जाणार असले की तिथल्या रीतीभातीचं टिपण दुभाष्यानं द्यायचं, अशी तिथली पद्धत होती. तिने जीव ओतून लिहिलं. अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी बूट काढावेत. फुलांचा गुच्छ आणू नये. बायकांशी हात मिळवू नये. आधी वडीलधाऱ्यांना बोलू द्यावं, पाचही जणांना, एकालाही वगळू नये, नाहीतर तो अपमान धरतील. प्रत्येक भाषणाचा पूर्ण अनुवाद व्हावा. जे काही द्यायचं ते उजव्या हातानेच द्यावं, डाव्याने दिलेलं दिलंसं धरत नाहीत. असे अकरा मुद्दे. सचिव वाचून म्हणाले, "सुंदर! हे तर पुस्तकात छापावं." तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. थोरली दिवसभर हवेत चालत होती.

गुरुवारी दुपारी इस्पितळाने ओळख पटवायला बोलावलं. खाला गेली, थोरली गेली, आणि गल्लीतल्या बायकांच्या मयतीला न्हाऊ घालणारी गेली. तिला सगळे पाणीवाली आपा म्हणायचे. जाड, दम लागणारी, तोंडाने फटकळ. "मला मेलेलीच माणसं बरी," असं ती म्हणायची, "पाणी गार आहे, पाणी गरम आहे, कुणी कटकट करत नाही."

शवागारात निळसर दिवा होता. खाला चेहऱ्यापाशी उभी राहिली, आपा पायांपाशी. खालाने लेकीचं कपाळ बघितलं, ओठ बघितले, एका भुवईतली जुनी खोक बघितली. आपाने काहीच बघितलं नाही. तिने मनगटाला बोट लावलं, पोटरीला बोट लावलं, हलकेच, जशी बाई चुलीवरच्या दुधाची साय चाचपते. मग थोरलीला कोपराला धरून बाहेर आणलं.

"कधी गेली ही?"

"दहा दिवस झाले."

"मग कान देऊन ऐक. तिकडे उन्हात ठेवलीय की कुठं, मला माहीत नाही. उद्याचा दिवस ही पाणी घेईल. उद्यानंतर नाही घेणार. उद्या दिवस मावळायच्या आत मला ती फळीवर पाहिजे. कळलं का, जीभ?"

"पाणी नाही घेणार म्हणजे?"

"म्हणजे पाणी घातलं की कातडं पाण्याबरोबर निघून येईल. मग न्हाऊ नाही घालायचं, कोरड्या मातीचा हात फिरवायचा नुसता. चालतं तेही. पण तुझ्या खालाला सांगशील तू?"

थोरलीचा हात पिशवीवर गेला. आत पाकीट होतं. शवागाराच्या कारकुनाची खिडकी सहा पावलांवर होती आणि खिडकीत दिवा होता. सहा पावलं. तिने मनात हिशेब मांडला: उद्या दोनला समारंभ, अडीचला संपला, तीनला इथे, साडेतीनला फळीवर. दिवस मावळतो साडेसहाला. वेळच वेळ आहे. आणि आज कागद दाखवला तर उद्या राजदूत कशाला येतील? अंगणात सतरंज्या अंथरायला सांगून झालं होतं.

"उद्या होईल, आपा," ती म्हणाली. "नक्की."

घरी येऊन खाला कफन फाडायला बसली. पांढऱ्या कापडाचा टर्र आवाज भिंतीला लागून परत येत होता. फाडता फाडता ती पुटपुटत होती, गाणं म्हणावं तसं, पण गाणं नव्हे:

पहिलं न्हाणं लेकी, माझ्या दोन्ही पायांवरी
शेवटलं न्हाणं लेकी, लाकडाच्या फळीवरी

मग थांबून म्हणाली, "थोरले, पाणी मीच घालणार हं. आपा नुसतं सांगेल. तू तांब्या भरून द्यायचास, मी घालणार. ती दूर मेली, तिच्या तोंडात कुणी पाण्याचा थेंब घातला नाही. मला एवढं एकच करायचंय. बाकी मला काही नको, न्याय नको, राजदूत नको."

पिशवी खुंटीला होती. थोरली म्हणाली, "हो, खाला."

शुक्रवारी सकाळी ती सचिवांच्या दारात उभी राहिली. खरं ते सगळं सांगितलं. पाण्याचं, कातड्याचं. सचिवांनी डोळे मिटून ऐकलं, जसे लोक चांगलं संगीत ऐकतात.

"फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण आता बघा, चारच तास राहिले. पत्रकारांना कळवलंय. तुम्ही कागद आधी दिलात, तर राजदूत तिथे रिकाम्या हाताने जाऊन काय करतील? माना डोलावतील?" मग हात पुढे केला. "पाकीट आणा इकडे. निळ्या फोल्डरमध्ये घालू. शिक्का सरळ दिसला पाहिजे."

तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि दिलं. तिच्या हातात होतं तोवर ते तिचं होतं.

दोनला अंगण भरलं. जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष तसेच बसले होते. बायका जाळीच्या मागे. खालाला मात्र पुढे खुर्चीवर बसवलं होतं, कारण फोटोत ती दिसायला हवी होती. तिने बाह्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, अगोदरच, आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. बाहेर आपाचा टेंपो उभा होता, त्यात फळी.

राजदूत दोन वाजून वीस मिनिटांनी आले. गोरेगोमटे, थकलेले, वाईट नसलेले गृहस्थ. दाराशी वाकून त्यांनी बूट काढले. लेस घट्ट होती, वेळ लागला. गर्दीतून कुजबुज गेली, "बूट काढले बघ!" न्हावी थोरलीकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या नजरेत चेष्टा नव्हती. ती नजर तिने चवीने घेतली. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या एका क्षणाची शिसारी येणार होती, पण तेव्हा ती गोड लागली.

मग पाच वडीलधारी बोलायला उठले. टिपणात लिहिलंच होतं. पहिल्याने मोहल्ल्याचा इतिहास सांगितला. कोणत्या सालात कोण आलं, पहिली विहीर कुणी खणली. थोरलीने सगळं भाषांतर केलं, वाक्याला वाक्य. दुसऱ्याने शाईबद्दल माफी मागितली आणि मग मागितली म्हणून रागावला. तेही तिने केलं. घड्याळात तीनला दहा कमी होते. तिसरा उठला, खोकला, म्हणाला, "मी फार बोलणार नाही," आणि थोरलीने पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

तिसऱ्याची बारा मिनिटं तिने दोन वाक्यांत संपवली. चौथ्याची एका वाक्यात. चौथे आजोबा चमकले. "एवढंच? मी तर एवढं बोललो!"

"त्यांच्या भाषेत कमी शब्दांत होतं, आजोबा."

"नाही नाही, मुली. विहिरीचं सांगितलंस का? विहिरीचं सांग."

सचिव खिशातलं टिपण काढून तिच्या कानाशी आले. मृदूपणे म्हणाले, "पूर्ण अनुवाद. तुमचाच मुद्दा आहे हा, पाचवा. लोक नाराज होताहेत."

तिने विहीर सांगितली. पाचव्याचंही वाक्याला वाक्य सांगितलं.

तीन वाजून सोळा मिनिटांनी राजदूत उठले. निळं फोल्डर उजव्या हातात धरलं, डाव्याने कागद बाहेर काढला आणि खालापुढे केला. खालाने झडप घातल्यासारखा तो घेतला आणि उठलीच. दोन पावलं टाकली.

"एक क्षण," सचिव म्हणाले. टिपणावर बोट ठेवून त्यांनी राजदूतांच्या कानात सांगितलं, मग थोरलीला म्हणाले, "डाव्या हाताने दिला गेला. फोटोत तसंच येईल. तुमच्या लोकांना ते फार लागेल, हो ना? त्यांना म्हणावं, कागद परत द्या, पुन्हा नीट देतो."

"साहेब, काही लागणार नाही कुणाला. जाऊ द्या त्यांना."

"तुम्हीच लिहिलंय की, डाव्याने दिलेलं दिलंसं धरत नाहीत."

थोरली खालाकडे वळली. सगळं अंगण ऐकत होतं. "खाला, कागद एकदा परत दे. पुन्हा देणार आहेत."

"का?"

"उजव्या हाताने द्यायचाय."

"मला कुठल्याही हाताने चालतो गं!" खाला म्हणाली. "पायाने दिला तरी चालेल!"

कुणीतरी हसलं. थोरलीने खालाच्या मुठीतून कागद सोडवून घेतला. जोर लावावा लागला. राजदूतांनी तो उजव्या हाताने दिला. फोटोवाला म्हणाला, "बाईंचा हात हलला, अक्षर पुसट येतंय." पुन्हा. मग तो म्हणाला, "बाई घड्याळाकडे बघताहेत. साहेबांकडे बघा म्हणावं." थोरलीने ते सांगितलं. पुन्हा. चौथ्या खेपेला खालाने राजदूतांकडे बघितलं, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून फोटोवाला आनंदाने म्हणाला, "मिळाला!"

तीन वाजून एकतीस मिनिटं. शवागाराची खिडकी चारला बंद व्हायची.

टेंपो सुरू झाला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. राजदूतांची गाडी जायची होती, म्हणून पोलिसाने रस्ता अडवला होता. काळी गाडी सावकाश पुढून गेली. आत राजदूत डोळे मिटून बसले होते, आणि खिडकीतून सचिवांनी थोरलीला हात केला. आपाने टेंपोच्या पत्र्यावर थाप मारली आणि त्या गाडीच्या सात पिढ्यांना असं काही बोलली, ज्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

इस्पितळाच्या जिन्यावरून खाला पळाली. तिचे गुडघे धड नव्हते, तरी पळाली. खिडकीत कारकून चहाचा कप विसळत होता. मागच्या भिंतीवर चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"बंद झालं, मावशी," तो म्हणाला. "रजिस्टर वर गेलं, चाव्या गेल्या. आता सोमवारी."

"भाऊ, कागद आणलाय. बघ तरी."

त्याने सवयीने कागद घेतला, उजेडाकडे धरला. माणूस वाईट नव्हता. त्याला उगीच कुणाला तंगवायला आवडत नसे. तारीख वाचून त्याचा चेहरा त्रासिक झाला. "अहो, हा सोमवारचा आहे की. सोमवारीच का नाही आलात? मंगळवार, बुधवार मी इथे माशा मारत बसलो होतो. काल तर तुम्ही इथे येऊन गेलात! तेव्हा दाखवला असता, तर तासाभरात हातात दिली असती."

"नाही हो," खाला म्हणाली, "आज मिळाला. आत्ता मिळाला."

"मावशी, शिक्क्याची तारीख सोमवारची आहे. खाली पोचसुद्धा आहे, सोमवार, दुपारी दोन. कुणाची तरी सही आहे बघा. तुमच्या दुभाष्याची."

आपा धापा टाकत मागून येऊन उभी राहिली होती. तिने थोरलीकडे बघितलं. खालाने बघितलं नाही. ती कागदाकडेच बघत राहिली, जसं काही आता तो वाचता येऊ लागला होता.

"कुठं होता गं हा, सोमवारपासून?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे म्हणजे कुठं?"

"पिशवीत."

"हीच पिशवी?"

"हो."

"म्हणजे माझ्या खुंटीला," खाला म्हणाली. "मी खाली निजत होते."

मग ती कारकुनाकडे वळली, खिडकीच्या गजांना धरून हात जोडू लागली, त्यामुळे हात धड जोडताही येईनात. कारकुनाने वर फोन लावून बघितला, दोनदा. कुणी उचलला नाही. खिडकी ओढून घेताना तो म्हणाला, "खरंच सांगतो, माझ्या हातात असतं ना..."

शनिवारी फोटो छापून आला. राजदूतांचा उजवा हात, मधे कागद, शिक्का सरळ, आणि खालाचा चेहरा. थोरलीच्या फोनवर सचिवांचा निरोप होता: 'मनःपूर्वक अभिनंदन. मावशींचा चेहरा अप्रतिम आलाय, अगदी खरा. वरपर्यंत दखल घेतली गेलीय. असाच कार्यक्रम आणखी दोन मोहल्ल्यांत करावा म्हणतात. टिपण तुम्हीच लिहा.'

घरात तिला कुणी हाकललं नाही. ताट वाढलं जायचं, तिच्यापुढे सरकवलं जायचं. बोलत कुणी नव्हतं. न्हाव्याच्या दुकानापुढून गेली तेव्हा आतून काही आवाज आला नाही, कात्रीसुद्धा थांबली. तिला वाटलं, जीभ म्हणा रे. एकदा म्हणा.

सोमवारी पेटी आली. थोरलीने सकाळपासून तीन पातेली पाणी तापवलं होतं, कापूर चुरडून घातला होता, तांब्या घासून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. मागल्या पडवीत फळी मांडली, चादरींचा आडोसा केला. आत तिघीच, खाला, आपा आणि ती.

आपाने झाकण सरकवलं. वास आला. आपाने बोट लावलं, मनगटाला, मग कोपराला, आणि बोट उचलून स्वतःच्या पदराला पुसलं.

"पाणी नाही," ती म्हणाली.

खालाच्या बाह्या वर होत्या. "थोडंसं, आपा. पायांवर तरी. पाय बरे दिसताहेत."

"पाय बरे दिसतात. बरे नाहीत." आपाचा फटकळ आवाज आज कुठून तरी खोल जागेतून येत होता. "माझ्यावर सोड. चाळीस वर्षं हेच करतेय, तुझ्या लेकीची विटंबना नाही करणार मी."

कबरस्तानातून आणलेली कोरडी माती एका ताटात होती. आपाने दोन्ही तळवे मातीवर टेकवले, फुंकर मारून झटकले, आणि धाकटीच्या चेहऱ्यावरून न टेकता टेकवल्यासारखे फिरवले. पुन्हा माती, मग उजवा हात, मग डावा. कुणी पीठ मळायच्या आधी परातीवरून हात फिरवावा, त्याहून कमी वेळ लागला.

"झालं," आपा म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच असतं."

खालाने बाह्या खाली केल्या. आधी उजवी, मग डावी. बटणं लावली. मग, तीन दिवसांत पहिल्यांदा, हाक मारली, "थोरले, इकडे ये."

थोरली आली. तिला वाटलं, आता ओरडेल, आता मारेल, आता जवळ घेईल. काहीही चाललं असतं.

"हिला सांग," खाला म्हणाली.

"काय सांगू?"

"पाणी का नाही मिळालं ते. आम्ही अडाणी बायका, आम्हाला नाही सांगता यायचं. तू दोन्हीकडचं बोलतेस. सांग तिला. कानाशी वाक, तिला वाट बघायची सवय आहे, ती ऐकेल."

"खाला, नको ना..."

"सांग."

थोरली वाकली. भुवईतली खोक अगदी डोळ्यांसमोर आली. लहानपणी झोपाळ्याच्या कडीवर आपटून झालेली, आणि झोका थोरलीने दिला होता. तिला धाकटीला हाक मारायची होती. माफ कर म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि जे वाक्य बाहेर आलं ते घडी घातलेलं, इस्त्री केलेलं, दूतावासात सात वर्षं रोज वापरलेलं वाक्य होतं.

"झालेल्या विलंबाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत."

आपाने तोंडावर पदर धरला. खालाने मात्र मान डोलावली, वर्गात लेकराने धडा बिनचूक म्हटल्यावर आई डोलावते तशी.

"छान बोललीस," ती म्हणाली. "आता बाहेर हो. आम्हाला हिला गुंडाळायचंय."

थोरली आडोशाबाहेर आली. आतून कापड ओढल्याचा आवाज येऊ लागला, आणि मागोमाग आपाचा, नेहमीचा, कामाचा: "ए, ती पातेली रिकामी कर. कुणीतरी चुकून हातपाय धुवायला घेईल."

तिने पहिलं पातेलं कलंडलं. मोरीत पाणी तुंबून वर आलं, कोमट, कापराच्या वासाचं, आणि तिच्या पायांवरून वाहत गेलं. पुढच्या दाराशी पुरुष खांदा द्यायला गोळा झाले होते. तिने दुसरं कलंडलं. मग तिसरं, तळाशी हात घालून, शेवटच्या थेंबापर्यंत.